बिब्ब्याची खूण

कुलाब्याच्या छावणीत बाबांना तुळाजी कुणी म्हणत नसे.
चार नंबर धोबी.
फाटकावर पितळी बिल्ला दाखवायचा, मग आत.
चोवीस वर्षं त्यांनी गोऱ्यांच्या कॉलरी ओळखल्या,
चेहऱ्यांशी काम पडलं नाही.

कॉलरच्या आत सुईने बिब्ब्याची खूण :
दोन टिंबं एक रेघ, कॅप्टन हॅलोरन.
तीन रेघा, तो बँडवाला, घाम फार गाळायचा.
उलटा चंद्र म्हणजे ते पोरगं
ज्याच्या खिशात दर आठवड्याला
एका पत्राचा लगदा सापडायचा.
खूण सोड्याने जात नाही, भट्टीने जात नाही.
कधी मानेवर उतू जायची, पुरळ उठायचं,
मग डॉक्टरची चिठ्ठी : बिब्बा वापरू नये.
बाबा चिठ्ठी कपाळाला लावत, खिशात ठेवत
आणि बिब्बा वापरत.

फेब्रुवारी सरता सरता निरोप आला.
शनिवारी पलटण निघणार. सगळे कपडे शुक्रवारी. खळ जास्त.
तीन रात्री आमच्या खोपटात कोळसा विझला नाही.
"जाताना कडक दिसायचंय मेल्यांना," आई म्हणाली,
आणि बाह्यांवर पाणी शिंपडत राहिली.
बिल झालं सत्तावीस रुपये सहा आणे.
कॅप्टन म्हणाला, धक्क्यावर ये.

धक्क्यावर दोर बांधलेला. पोलीस. बँड.
बाबांच्या काखेत वही, खांद्यावर मी.
रांग कमानीतून पाण्याकडे गेली.
कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी शिव्या घालत होतं,
एक बाई रडत होती, का ते तिलाच ठाऊक.
बाबा ओठांतल्या ओठांत कॉलरी मोजत होते.
"ती बघ. ती तुझ्या आईची इस्त्री."
दोन टिंबं एक रेघ समोरून गेली,
नजर सरळ, हात शिवणीला.
बाबांनी वही वर धरली. दोर ओलांडला नाही.
उलट्या चंद्राचं पोरगं लाँचमध्ये उतरताना
एकदा मान खाजवून गेलं.

घरी येऊन त्यांनी हिशेब खोडला नाही.
"येणे" लिहिलं, खाली तारीख.

सोमवारी फाटकावर नवा पहारा.
"कोण रे तू?" मराठीत.
बाबांनी सवयीने बिल्ला काढला.
"ते राहू दे. नाव सांग."
बाबा जरा थांबले,
दुसऱ्या कुणाचं विचारलं असावं तसे.
मग हवालदाराने दर विचारला,
आणि ऐकून म्हणाला, "आपल्याच माणसांना एवढा?"
दोन पैशांवरून बराच वेळ गेला.

रात्री बाबा नव्या ढिगापुढे बसले, बिब्बा टोचत.
नवी माणसं, जुन्याच खुणा :
तीन रेघा कुणा सावळारामला,
दोन टिंबं एक रेघ खुद्द हवालदाराला.
उलटा चंद्र तेवढा
त्यांनी शेवटपर्यंत कुणाला दिला नाही.