टोकं

आई ओ बाईंकडे कामाला होती.
आडनावच ओ.
औंधात, नदीकडच्या अंगाला, चौथा मजला.
घरी मी भूषणला हाक मारायची
आणि तो म्हणायचा, ओ कोरियाला गेली.

बाई आईला म्हणायच्या, विमल-शी.
आम्ही हसून लोळायचो.
मानाचं असतं ते, आई सांगायची,
तुमच्या पप्पांना लावेल का कुणी?

जिहूनची सहल असली
की आमच्या घरात साडेचारचा गजर.
पहिल्या खेपेला सगळं फसलं.
कोलमचा भात, दाणा दाणा वेगळा,
सुरी लावली की गुंडाळी ओट्यावर सांडायची.
मग आईनं माहेराहून, पवनेकाठून,
इंद्रायणी आणला पाच किलो.
शिजवला, तर गिचका.
ज्या गिचक्या भातापायी
लग्नानंतर वर्षभर सासूचे टोमणे खाल्ले
त्या भाताला ओ बाईंनी टाळ्या वाजवल्या.
हे ती अजून सांगते. वार, तारखेसकट.

पाटीएवढी बांबूची चटई.
तीवर समुद्राचं काळं पान.
पप्पा शिवाजीनगर कोर्टात शिपाई, ते म्हणाले,
हा तर कार्बन,
खाली ताटली ठेव, भाताची नक्कल निघेल.
नाव किंबाप. त्यांच्यात बाप म्हणजे भात.
बरं झालं, म्हणाले, निदान तिकडे तरी
बापाला रोज विचारतात.

डब्यात जायच्या मधल्या चकत्या.
गोल, एकसारख्या.
टोकं आमची.
गाजर बाहेर डोकावणारं, पालकाची शेंडी,
अंड्याची पट्टी लोंबती,
एखाद्यात पिवळा मुळाच मुळा आणि भात नावाला.
सातला आई यायची, स्वेटरच्या खिशात स्टीलची डबी,
हाताला तिळाच्या तेलाचा वास,
ऐन जूनमध्ये संक्रांत.
दात न घासता खायचो.

पाचवीत माझी सहल निघाली, कात्रजच्या सर्पोद्यानात.
ओ बाईंनी एक अख्खी गुंडाळी पाठवली,
कापून, मधल्या चकत्यांसकट, माझ्या नावानं.
मी झाकण उघडलं.
वैजयंती म्हणाली, शी, सायकलचा टायर.
सगळ्या म्हणाल्या शी.
तो मानाचा नव्हता.
मी पण म्हणाले, शी, काय दिलंय आईनं,
आणि झाकण लावलं.
दुसऱ्या कुणाची तरी मेथीची पोळी खाल्ली.
परतीच्या बसमध्ये, शेवटच्या सीटवर,
स्वारगेट ते बोपोडी,
एकेक चकती न चावता गिळली.
घरी डबा रिकामा.
आई म्हणाली, आवडलं ना मैत्रिणींना?
हो म्हणाले.
तिनं ते बाईंना सांगितलं असणार.
पुढच्या वर्षी ते चेन्नईला गेले.

परवा बाणेरला गेले, ऑफिसातल्या मुलींबरोबर.
चारशे साठ रुपयांत दहा चकत्या,
पट्टी लावून कापल्यासारख्या.
वाढणारा मुलगा ऐझॉलचा.
त्याला विचारलं, टोकं कुठे असतात?
आधी कळलं नाही त्याला.
मग मी बोटांनी दाखवलं, फाटकं, विस्कटलेलं काहीतरी.
तो हसला. इकडेतिकडे पाहून म्हणाला,
ती बाहेर येत नाहीत, मॅडम.
आत उभं राहून
आम्हीच खातो.