तुरटी आणि राख

फॉल रिव्हरमध्ये बापाचं सलून होतं,
एक खुर्ची, एक आरसा,
आणि गिऱ्हाइकांच्या गालांवर फिरून फिरून
चिपेएवढ्या उरलेल्या तुरटीच्या वड्या.
त्या तो फेकत नसे.
खिशात घालून घरी आणी,
खलबत्त्यात कुटी, पाण्यात विरघळवी
आणि तिन्हीसांजेला ओती
मागच्या दारच्या हायड्रेंजियाच्या मुळाशी.

निळी हवी होती त्याला.
फायाल बेटावरच्यासारखी निळी.
तिथे शेताशेताला कुंपण हिचंच,
उन्हाळ्यात सारं बेट
निळ्या दोऱ्यानं शिवल्यासारखं.
मग समुद्रातून डोंगर वर आला.
तेरा महिने राख पडली.
घर कौलांपर्यंत बुडालं, गाय विकली,
आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी
त्यानं कोटाच्या अस्तरात दडवून आणली.

ती फुलली गुलाबी.
बाप तीन दिवस बोलला नाही.

शेजारचा जेर्वाझियो म्हणाला, गंजके खिळे पूर.
पुरले. कॉफीचा चोथा घातला, पाइनच्या काड्या,
एकदा तर व्हिनेगरची अख्खी बाटली,
दोन फांद्या जळाल्या त्या वर्षी.
मी शाळेतून शिकून आले, सांगितलं:
खिळ्यांनी काही होत नाही, बाबा.
घराच्या पायाचं सिमेंट चुना सोडतं,
माती आंबट झाली
तरच तुरटी झाडाच्या अंगी लागेल.
तो म्हणाला, तुझी शाळा इंग्रजी,
हे झाड पोर्तुगीज.

कधी एखादं फूल जांभळट यायचं.
बाप स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचा,
आजाऱ्याची नाडी बघावी तसा.
पुढच्या जुलैत पुन्हा गुलाबी.

एका रात्री पाणी प्यायला उठले
तर आई, देओलिंदा,
गिरणीची दुसरी पाळी करून आलेली,
केसांत अजून सुताचे तंतू,
शेगडीतली लाकडाची राख घमेल्यात घेऊन
झाडाशी ओणवी.
मला पाहून दचकली नाही.
म्हणाली, जाऊन झोप.
मग म्हणाली,
त्या निळ्या कुंपणाआड एकोणीस वर्षं काढली मी.
पलीकडून कोण चाललंय
ते पावलांवरून ओळखायचं, दिसायचं नाही कधी.
राखेनं ते गाडलं तेव्हा सगळी रडली.
मीही रडले.
चारचौघांत रडावंच लागतं.

मी बापाला सांगितलं नाही.
संध्याकाळी तुरटी, रात्री राख,
बावीस वर्षं
ते झाड दोघांच्या हातचं खात राहिलं.
बाप गेला तेव्हाही गुलाबीच होतं,
कडेला किंचित, अगदी किंचित,
शाई सांडून पुसल्यासारखं.

सलून रिकामं करताना
आरशामागच्या डब्यात सापडल्या
तुरटीच्या अकरा वड्या.
आई म्हणाली, दे इकडे.
वाटलं, जपून ठेवील.
तिनं खलबत्ता काढला.

आता तुलाही निळं हवं?
निळं कशाला, ती कुटता कुटता म्हणाली.
पण त्याच्या वाटचं
कुणी घालायला नको?

पाणी ओतून आली, हात पुसले,
रेडिओवर बातम्या ऐकल्या, निजली.
बाराच्या सुमाराला
मागच्या दाराची कडी वाजली,
मग घमेलं.
मी दिवा लावला नाही.