सुकट

कमरेचं हाड, दोन ठिकाणी.
डॉक्टर पाटकर बाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला.
सहा आठवडे पिंजरा. उडी नाही,
आणि लघवी तुम्हालाच काढावी लागेल.

मला जमेना. हात लावला की ती गुरगुरे,
ती गुरगुरली की माझाच हात सुटे.

शेवटी बाबा उठले.
आजवर तिला 'ती ब्याद' म्हणणारे बाबा
लुंगी सावरून फरशीवर बसले, चष्मा कपाळावर.
"लिंबू नाही पिळायचं," मला म्हणाले,
"पायरी माचवतात, तसं."
अंगठ्याखाली थेंब, मग धार,
परवाच्या वर्तमानपत्रावर.

बावीस वर्षं घणसोली डेपोची बस.
एका माणसाला खरचटलं नाही, हे अख्ख्या सेक्टरला माहीत.
मांजरांचं कुणी विचारलं नव्हतं.

काल रात्री दोनला पिंजऱ्याशी बसून
तेच तिला सांगत होते:
रबाळ्याचं वळण, शेवटची फेरी,
चाकाखाली काहीतरी मऊ,
आणि मी थांबलो नाही गं.
मी दाराआड, हातात रिकामा तांब्या.
ती सिरिंजमधली पेज चाटत राहिली.

आज पाचवा आठवडा.
मागचा पाय टेकला तिने,
उसना आणल्यासारखा, बिचकत.
चार पावलं, बाबांच्या नव्या चपलेपर्यंत.
तिथे बसली. जरा विचार केला.

"अगं ए," बाबा स्वयंपाकघराकडे ओरडले,
"गॅस बंद कर, बाहेर ये आधी,
सुकट मुतली!"