खटका

निरोप समारंभाच्या आठवड्यात
अशोक चौकातल्या माझ्या दुकानात
अख्खी बारावी येऊन जाते.
मुली दुसऱ्याच कुणाच्या तरी साडीत,
मुलं मामाच्या नाहीतर भावाच्या ब्लेझरमध्ये,
बाह्या बोटांच्या पेरापर्यंत.
सगळ्यांना एकच फोटो हवा असतो :
हनुवटीखाली मूठ, नजर लांब,
मागे फ्लेक्सवरचा धबधबा,
ज्याच्या पाण्याला सोलापुरात कुणी हात लावलेला नाही.

भार्गवी चिलवेरी आली मंगळवारी, भर दुपारी,
लाइट जायच्या बेतात.
साडी शेजारच्या काकूंची, पिना स्वतःच्या,
सतरा, तिनेच मोजून सांगितल्या.
सोबत आई, बोटांना विडीच्या पानांचा वास.
"नव्वु, नव्वु," आई म्हणत राहिली, हस, हस,
आणि ती हसली,
म्हणजे ओठ जरा बाजूला सरकवले
एस.टी.त कुणाला जागा करून द्यावी तसे.

तेहेतीस फोटो काढले मी.
तेहेतीसही एकाच मुलीचे,
आणि ती कोण ते मला सांगता आलं नसतं.

बाबा म्हणायचे, माणूस खुर्चीत बसला की आधी घरी जातो,
चेहरा तेवढा मागे ठेवून.
तो परत येईस्तोवर थांबायचं.
तेव्हा रोल छत्तीसचा, थांबणं परवडायचं नाही.
आता परवडतं,
तर गिऱ्हाईक घड्याळ बघतं.

भिंतीपलीकडे गड्डमांचे चार माग.
खटक् खट्, खटक् खट्,
बावीस वर्षांत मला ते ऐकू येईनासे झालेत.
त्या दुपारी चारांतल्या एकाने मध्येच
एक ठोका गिळला म्हणे.
मला काय कळणार?
पण खुर्चीतल्या मुलीची मान वळली,
आधी कान, मग डोळे, मग सगळी ती,
खांद्यावरची एक पिन टणकन उडाली,
आणि ती म्हणाली, "तिसऱ्यावर धागा गेला."

माझं बोट तोवर दाबलं गेलं होतं.

भुवई चढलेली, ओठ अर्धे उघडे,
पदर एका बाजूने सैल,
आणि नाडी धरल्यावर डॉक्टर जसा
कुठेच बघत नाही, तशी नजर.
आई म्हणाली, "ह्यात नुसता कानच दिसलालाय की ओ."
तिने बारावा नंबर घेतला,
आठ बाय बारा, लॅमिनेशनसह, धबधब्यासकट.

मी मात्र कानवाला मोठा करून
दुकानाच्या काचेत लावला.
कुणाला विचारलं नाही.

शनिवारी ती एकटीच आली, सायकलवर,
ट्रॅकपँट, केस कसेबसे बांधलेले.
काचेसमोर बराच वेळ उभी.
"काका, हे काढा की."
"अगं, ह्यात तर तू आहेस! बाकीच्यांत कुठंय?"
"ही मी नाही. हे नाना आहेत.
रातपाळी करून झोपलेले असतात ना,
तरी असेच उठून बसतात."
मी काहीतरी बोलायला गेलो,
प्रकाशाबद्दल असावं.
"मला पुण्याला जायचंय," ती म्हणाली.
"तिथं कसला आवाज आला
तर कितवा माग ते कळायला नको मला."

काढला.
काचेवर चिकटपट्टीचे चार डाग राहिले,
ते अजून आहेत.
फोटो गुंडाळून तिच्या हातात दिला,
पैसे घेतले नाहीत,
आणि विचारलं, मग तुझा कसा काढायचा, सांग.
"अजून ठरलं नाही की ओ," ती म्हणाली
आणि हसली,
तेव्हा दिसलं, एक दात दुसऱ्यावर चढलेला.
कॅमेरा आत, टेबलावर.
मी उठलो नाही.

तिने स्टँडला लाथ मारली, गुंडाळी कॅरिअरला लावली.
गड्डमांच्या दारापाशी
तिचा पाय पेडलवर क्षणभर थांबला,
मग गेली.
काय ऐकलं, तिलाच ठाऊक.
मला चारही माग सारखेच वाटतात.