एकास दहा

मडगावच्या दुकानात आग्नेलनं तीन खोकी मांडली.
एकावर ज्वाळा रंगवलेल्या, वेग ताशी साठ.
दुसरं स्वस्त, दिवे लुकलुकणारं.
तिसरं मळकट हिरवं,
लग्नात कोपऱ्यात बसलेल्या मामासारखं.
नेत्रानं ज्वाळांवर बोट ठेवलं. अर्थातच.
दहा वर्षांची आहे.

मी विचारलं, मोडलं तर सुटे भाग?
आग्नेल हसला. ‘पात्रांव, वेगाच्या आधी
मोडण्याचं विचारणारं पहिलं गिऱ्हाईक.’
त्याला कुठं ठाऊक,
एकोणीस वर्षं मी सावर्ड्याहून धक्क्यापर्यंत माती वाहिली,
दिवसाला सहा खेपा,
आणि ट्रक रंगावरून ओळखत नसतात,
पाठीवर झोपून, खालून ओळखतात.

काउंटरवरच उलटा केला मी मामाला.
चासी नायलॉनची, दाबली तर वाकते, तुटत नाही. बरं.
गिअर प्लास्टिकचे. ते पुढं बघू.
मोटर ब्रशवाली, साधी, जळली तर परवडेल अशी.
आत पाणी गेलं तरी चालतं, म्हणाला.
आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर
खिळ्यांना टांगलेल्या पुड्या:
हिचेच ॲक्सल, हिचेच आर्म, हिचे बारके स्क्रूसुद्धा.
गाडी नाही,
मी ती भिंत विकत घेतली.

‘स्केल एकास दहा,’ बिल करताना आग्नेल.
माझी दहा टनांची होती, म्हटलं. जुळतं.
नेत्रा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परसू आमचा मोठा नाही.
एक फणस, तीन काजू,
न्हाणीमागं चिऱ्यांचा ढीग.
एक खोली वाढवायची होती, तेवढ्यात खाण बंद पडली,
चिरे राहिले तिथंच.
नेत्रानं त्यांचाच घाट केला.
पहिल्या उडीत पुढचा आर्म गेला.
दुसऱ्या दिवशी गिअर: गिरणीत खडा सापडावा तसा आवाज,
मग चाकं गप्प, मोटर नुसतीच ओरडते.
ती रडवेली.
मी, खरं सांगू, खूश.
किती दिवसांनी हातांना कुणी हाक मारली होती.

जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला.
पोलादी गिअर, दातांना चिमूटभर ग्रीस.
शॉकमध्ये जाड तेल,
पातळ तेलावर बेडकासारखी उडायची.
सर्वोलाही धातूचे दात.
‘मीठ सांडलंय की काय?’ सुलक्षा म्हणाली आणि
टेबलावरचा वॉशर जिभेला लावणार होती.

नेत्राला आता बॅटरी हवी तीन सेलची.
मी म्हटलं, आधी हाडं, मग ताकद.
‘असं का?’
असंच.
तिस्कावरच्या वळणात किसनूचा ट्रक पाहिलाय मी.
त्याबद्दल घरात बोलत नाही.

एप्रिलमध्ये बोंडू पडायला लागले.
नेत्रानं गाडीवर आइस्क्रीमचा डबा बांधला,
काजूच्या बिया भरल्या,
फणसाखालून पायरीपर्यंत वाहतूक सुरू.
टायर बोंडवांच्या रसानं चिकट,
लाल माती, मुंग्या, मागं धावणारं मांजर.
मध्येच तिनं विचारलं,
‘तुझी गाडी कुठं गेली?’
भंगारात. किलोवर.
‘किती किलो?’
सांगितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

मग रिमोट माझ्या हातात दिला.
पायरीवर बसलो.
भरला डबा, चिऱ्यांचा उतार,
आणि माझा उजवा पाय आपोआप जमीन दाबू लागला.
‘बाबा, ब्रेक बोटात आहे.’
माहीत आहे गो.
पाय मात्र तसाच.

संध्याकाळी तिनं कोळशानं भिंतीवर लिहिलं: खेपा सात.
म्हणजे माझ्यापेक्षा एक जास्त.
मी काही बोललो नाही.

तीन सेलची बॅटरी मी आणून ठेवली आहे,
कपाटात, धोतरांच्या घडीखाली.
चवथीला देईन.
तोवर चिऱ्यांवरचं शेवाळ तरी खरवडायला हवं.