वैर सिद्ध करताना

कायद्याला वैर लागतं.
मायेने राखलेली जमीन त्याच्या लेखी
राखलेलीच नसते.

हे मी सगुण घाडीला समजावत होते
रायबंदरच्या धक्क्यावर. फेरीबोट चोडणहून सुटायची होती,
त्याच्या हातात एक-चौदाचा उतारा,
घडीवर घडी पडून सर्व्हे नंबर फाटलेला.
"बारा वर्षं," मी म्हटलं, "उघड, अखंड,
आणि मालकाच्या विरोधात. असं सांगायचं."
"बारा म्हणजे एक तप," तो म्हणाला,
"आमची चार तपं झाली, बाई.
पण विरोध कधी केलेला?"

जमीन म्हणजे तरी काय:
खाजनाच्या बांधाला चिकटलेली चिंचोळी पट्टी,
एकोणीस माड, त्यातला एक अर्धा मेलेला,
आणि भरतीचं खारं पाणी आत घुसू नये म्हणून
दर मे महिन्यात चिकणमातीने लिंपलेली कड.
खेकडे भोकं पाडतात. सगुण बुजवतो.
खेकड्यांचा कब्जा त्याच्याहून जुना,
उघड, अखंड, मालकाच्या विरोधात,
मी म्हटलं आणि हसले.
तो हसला नाही.

मालकीण दोना एर्मेलिंदा
फोंतेन्यासच्या निळ्या घरात वारली,
आणि सहा महिन्यांत लिस्बनचा भाचा उगवला,
गळ्यात कॅमेरा, हातात इन्व्हेंटरीचे कागद,
पोर्तुगीज हद्दींचं वर्णन:
पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला कुणा मयताचे वारस.
सगुणचं नाव चारी दिशांना नाही.

ऑफिसात मी त्याला तीनदा पढवलं.
मशागत कुणी केली? मी.
कुंपण कुणी घातलं? मी.
कुणाला विचारून? कुणालाच नाही.
"आणि नारळांचं काढू नका."
"विचारलं तर?"
मी फाईलची नाडी बांधत राहिले.
गाठ नको तेवढी घट्ट बसली.

समोरचे वकील उठले ते
जेवण आटोपून हात धुवायला उठावं तसे.
"पाड झाली की नारळ काय करायचात?"
"विकायचो."
"सगळे?"

वर पंखा एका पात्याने कुरकुरत होता.
सगुण त्याच्याकडे पाहत राहिला,
झावळ सुटणार आहे की नाही
असं पाडेली बघतो तसं.
मग म्हणाला, "पाडीमागे पंचवीस बाईंना.
गोणी डोक्यावर घेऊन. फेरीने."
"का बरं?"
"माड तिचे."

दोन शब्द.
स्टेनोने ते टाईप केले, आणि पुढच्या ओळीवर
बोटं उचलून थांबली.
मला उलटतपासणीनंतर काही विचारायचं होतं का?
न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं.
अठ्ठेचाळीस वर्षं
आणि हिशेब केला तर पाच हजारांच्या आत नारळ,
त्यातले किती नासके, किती कोवळे,
एकाचीही पावती नाही,
तरी सगळे पुराव्यात आले.

निकालपत्रात लिहिलंय:
प्रतिवादीचा कब्जा परवानगीचा.
परवानगी देणारी तर त्याला नुसती म्हणायची,
सगुण, बस, पाणी पी,
आणि रिकामी गोणी झटकून परत द्यायची.

भाच्याने सिमेंटचे खांब रोवले, तारा ओढल्या,
आणि विमानाने गेला.
मे महिन्यात मी दुसऱ्याच एका दाव्याची जागा बघायला चोडणला गेले
तर हा तारेपलीकडे, गुडघाभर चिखलात.
"सगुण, आता कोणत्या हक्काने?"
"भोकं पडलीत," तो म्हणाला
आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

परतताना त्याने पाच नारळ दिले.
कुठल्या माडाचे, मी विचारलं नाही.
घ्यावेत की नाही, धक्क्यापर्यंत ठरेना;
फी म्हणावी तर खटला हरलेला,
भेट म्हणावी तर
भेटीचं काय होतं, दोघांनीही पाहिलेलं.
फेरीबोट हलली, पिशवी कलंडली,
एक नारळ गडगडत डेकच्या टोकाला गेला.
खलाशाने पायाने अडवला.
"कुणाचा हो हा?"
सगळे इकडेतिकडे पाहू लागले.
मीसुद्धा.