जमाखर्च, दगडफूल अभ्यासक मंडळ

तार्तू. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लावले.
खुर्च्या चाळीस, माणसं नऊ,
हेलवेचा कुत्रा धरून.

आकडे मी वाचते. एकोणीस वर्षं मीच वाचते.
आमचं त्रैमासिक घेणारी ग्रंथालयं
पूर्वी चारशे बारा, यंदा एकसष्ट.
बाकीच्यांनी सभ्य भाषेत कळवलंय :
जे सगळ्यांना उघडं, त्याची वर्गणी कशाला?
बरोबरच आहे.
उघडं आम्हीच केलं,
एकमताने, टाळ्यांसकट.

त्या वर्गणीतून निघायचं
कुणा विद्यार्थ्याचं सारेमा बेटापर्यंतचं बोटभाडं,
एखादं भिंग,
आणि सभेनंतरची काळी रोटी, खारवलेला मासा.
यंदा मासा मी घरून आणलाय.
पदरमोडीला आमच्या वहीत रकाना नाही.

एका बड्या प्रकाशकाचं पत्र :
अंक आम्हाला द्या, नाव तुमचंच राहील.
एन्देल म्हणतो, देऊन टाकू,
दिल्या घरी सुखी राहील.
उर्वे विचारते, आणि लेख छापायची फी?
पत्रात आकडा आहे.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.
तोच होता.

दुसरं पत्र मादागास्करच्या डोंगरातून,
वुआहांगी नावाच्या शाळाशिक्षिकेचं :
'पहिल्यांदाच कुणाकडे न मागता वाचलं.
सत्तराव्या पानावरचं तुमचं दगडफूल
आमच्या शाळेमागच्या खडकावर आहे.
पण कड निळसर. मी लिहू का त्यावर?'

कुणी बोललं नाही. कुत्रा उठून परत बसला.
वाचायला दार सताड,
लिहायला तिकीट,
आणि तिकीट फाडणारे उद्या आम्हीच.
विद्या दिल्याने वाढते, खरंय.
सर्व्हरचं बिलही वाढतं.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल,
एकाचं घर, दुसऱ्याची चूल.
त्यात कोण कुणाला पोसतं
यावर आमच्याच अंकात तीस वर्षं भांडण चालू आहे.
खडकाला विचारलेलं नाही.

सव्वापाचला ठराव तहकूब.
मी तिथेच, वहीच्या मागच्या पानावर,
वुआहांगीला उत्तराचा मसुदा लिहिला :
लिहा. निळ्या कडेचा फोटो जवळून काढा.
फी शून्य.
ते शून्य जमेत धरायचं की खर्चात
हे मला अजून ठरवायचंय.

मासा मात्र सगळा संपला.